फुलचुखीचं घरटं शर्यतीला गेलं

आटपाट गल्ली होती. गल्लीत एक कडुलिंब होता. कडुलिंबाखाली एक टेंपो होता. बरेच दिवस उभा होता. हलत नव्हता, डुलत नव्हता.

टेंपोच्या आरशाला एक दोरा लोंबत होता. दोऱ्यात एक लिंबू, लिंबाखाली मिरच्या. गाडीला दृष्ट लागू नये म्हणून बांधतात ना, तेच. लिंबू पार वाळून गेलं होतं.

तिथं आली एक फुलचुखी. फुलातला मध चोखते, म्हणून फुलचुखी. केवढी होती? आपला अंगठा बघा बरं. त्याहून जरा मोठी.

फुलचुखी दोऱ्यावर बसली. टेंपो हलला का? नाही हलला. मग तिनं कोळ्याचं जाळं आणलं. कापूस आणला. वाळकं पान आणलं. लिंबाच्या वर इवलंसं घरटं विणलं. घरट्यात अंडी घातली. वर कडुलिंबाची सावली, खाली वाळकं लिंबू, मध्ये अंडी.

आता टेंपो कोणाचा? मुबारकचाचांचा. टेंपोतून कोण जायचं? भिंगरी. भिंगरी म्हणजे लाल मोटार, शर्यतीची. कल्पीताई ती चालवायची. तिचा भाऊ संपतदादा ती दुरुस्त करायचा. संध्याकाळ झाली की घुर्रर घुर्रर. अख्खी गल्ली ऐकायची. मी तर खिडकीतच.

एक दिवस शर्यत आली. लांब माळावर, सरळ काळ्या रस्त्यावर. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहायच्या. दिवा हिरवा झाला की धूम्म. डोळे मिटा. उघडा. संपली शर्यत. एवढीशीच असते ती.

सकाळी सगळे निघाले. संपतदादानं नवं लिंबू आणलं होतं. हिरव्या मिरच्या आणल्या होत्या. म्हणाला, जुनं काढतो, नवं बांधतो. कल्पीताईला घाई झाली होती. ती हसली.

"गाडी काय लिंबाच्या रसावर पळते का, दादा? राहू दे जुनंच."

संपतदादानं नवं लिंबू खिशात ठेवलं. जुन्या लिंबाकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

आणि फुलचुखी कुठं होती? ती जास्वंदीवर होती. मध प्यायला गेली होती.

खडाड खडाड. टेंपो निघाला. लिंबू निघालं. घरटं निघालं. अंडी निघाली.

फुलचुखी परत आली. सावली होती तिथंच. सावलीत टेंपो नव्हता. टेंपो नाही तर घरटं नाही.

फुर्र फुर्र. फुलचुखी उडाली टेंपोच्या मागं.

रेल्वेचं फाटक लागलं. टेंपो थांबला. फुर्र फुर्र, फुलचुखी आली. फाटक उघडलं. खडाड खडाड, टेंपो गेला.

मेंढरं आडवी आली. बें बें. टेंपो थांबला. फुर्र फुर्र, फुलचुखी आली. मेंढरं सरली. खडाड खडाड, टेंपो गेला.

मग चाकात खिळा घुसला. फुस्स. टेंपो बसला एका अंगावर. संपतदादा म्हणाला, "बघ. लिंबू बदलू दिलं नाहीस."

कल्पीताई म्हणाली, "तुझ्या लिंबानं खिळा वाकला असता का?"

चाचा म्हणाले, "भांडा हवं तर. आधी पाना द्या."

पाना दिला. चाक बदललं. पण बहीणभाऊ बोलेनात. तो खिडकीतून बाहेर बघे. ती समोर बघे. चाचा आपले गाडी हाकत. त्या दिवशीचं हे सगळं मला चाचांनीच सांगितलं. चहा दिला की चाचा सगळं सांगतात.

टेंपो माळावर पोचला. भिंगरी खाली उतरली. माळावर एकसुद्धा झाड नाही. ऊन चटचट, ऊन चटचट. आरसा तापला. दोरा तापला. घरटं तापलं.

फुलचुखी आली. अंड्यांना पोटानं शिवून बघितलं. गरम, फार गरम. तिला घरची सावली आठवली. ती गेली टेंपोकडे.

च्वीट च्वीट.
"टेंपोदादा, वळ ना.
टेंपो वळत नाही,
सावली मिळत नाही,
माझी अंडी उन्हात पोळतात."

टेंपो म्हणाला, "भिंगरी धावल्याशिवाय मी वळत नाही."

फुर्र फुर्र. फुलचुखी गेली भिंगरीकडे.

च्वीट च्वीट.
"भिंगरीताई, धाव ना.
भिंगरी धावत नाही,
टेंपो वळत नाही,
सावली मिळत नाही,
माझी अंडी उन्हात पोळतात."

भिंगरी म्हणाली, "चाक तापल्याशिवाय मी धावत नाही." खरंच होतं ते. गार चाक घसरतं. तापलं चाक रस्त्याला घट्ट धरतं.

फुर्र फुर्र. फुलचुखी गेली चाकाकडे.

च्वीट च्वीट.
"चाकदादा, ताप ना.
चाक तापत नाही,
भिंगरी धावत नाही,
टेंपो वळत नाही,
सावली मिळत नाही,
माझी अंडी उन्हात पोळतात."

चाक म्हणालं, "पाणी सांडल्याशिवाय मी तापत नाही. ओल्या रस्त्यावर मी गरागरा फिरतो. गरागरा फिरून तापतो."

फुर्र फुर्र. फुलचुखी गेली पाण्याकडे. पाणी निळ्या कॅनमध्ये होतं. डुबुक डुबुक.

च्वीट च्वीट.
"पाणीताई, सांड ना.
पाणी सांडत नाही,
चाक तापत नाही,
भिंगरी धावत नाही,
टेंपो वळत नाही,
सावली मिळत नाही,
माझी अंडी उन्हात पोळतात."

पाणी म्हणालं, "संपतदादा उठल्याशिवाय मी सांडत नाही."

फुर्र फुर्र. फुलचुखी गेली संपतदादाकडे. तो टेंपोच्या मागं बसला होता. गुडघ्यात डोकं घालून.

च्वीट च्वीट.
"संपतदादा, ऊठ ना.
संपतदादा उठत नाही,
पाणी सांडत नाही,
चाक तापत नाही,
भिंगरी धावत नाही,
टेंपो वळत नाही,
सावली मिळत नाही,
माझी अंडी उन्हात पोळतात."

संपतदादा म्हणाला, "कल्पीनं हाक मारल्याशिवाय मी उठत नाही."

तेवढ्यात भोंगा वाजला. भोंग्यातून माणूस म्हणाला, "भिंगरी, भिंगरी, रेषेवर या." कोणी गेलं नाही.

फुर्र फुर्र. फुलचुखी गेली कल्पीताईकडे. ती भिंगरीला टेकून उभी होती. हाताची घडी घालून.

च्वीट च्वीट.
"कल्पीताई, हाक मार ना.
कल्पीताई हाक मारत नाही,
संपतदादा उठत नाही,
पाणी सांडत नाही,
चाक तापत नाही,
भिंगरी धावत नाही,
टेंपो वळत नाही,
सावली मिळत नाही,
माझी अंडी उन्हात पोळतात."

कल्पीताई म्हणाली, "दादा उठल्याशिवाय मी हाक मारत नाही."

आता काय करायचं? हाक आली की तो उठणार. तो उठला की ही हाक मारणार. तो तिच्यासाठी थांबला. ती त्याच्यासाठी थांबली. रुसलेली माणसं अशीच असतात. पुढं जायला कोणी उरलंच नाही.

फुर्र फुर्र. फुलचुखी परत फिरली.

ती घरट्यापाशी आली. घरट्याच्या तोंडाशी बसली. तिनं पंख पसरले. केवढे पंख? आपल्या बोटाएवढे. केवढी सावली पडली? आपल्या बोटाएवढी. पण पडली. तिची चोच उघडी होती. छाती लपलप हलत होती. ती तिथून हलली नाही.

भोंगा पुन्हा वाजला. "भिंगरी, भिंगरी, आता शेवटचं. नाही आलात तर नाव काढू."

कल्पीताई हेल्मेट घ्यायला टेंपोकडे आली. आरशाजवळ थांबली. तिनं दोरा बघितला. लिंबू बघितलं. लिंबाच्या वरचं घरटं बघितलं. पसरलेले पंख बघितले. बघतच राहिली.

मग हळू आवाजात म्हणाली, "दादा, इकडे ये जरा."

संपतदादा उठला. आला. तोंड अजून फुगलेलंच. कल्पीताईनं नुसतं बोट दाखवलं.

संपतदादानं बघितलं. त्याचा हात खिशात गेला. खिशात नवं लिंबू होतं.

"सकाळी जुनं काढलं असतं मी," तो म्हणाला. "चौकात टाकलं असतं."

कल्पीताई म्हणाली, "मला काय माहीत होतं? मी घाईत हसले तुला. हसायला नको होतं."

संपतदादाचं फुगलेलं तोंड हळूहळू सैल झालं. आधी एक गाल, मग दुसरा गाल. मग तो हसला.

चाचांनी सीटखालून छत्री काढली. फट्‌. घरट्यावर छत्री धरली. म्हणाले, "जा तुम्ही. मी हाय हितं." मोठी काळी सावली पडली. फुलचुखीनं पंख मिटले. गार वाटलं. ती घरट्यात शिरली आणि अंड्यांवर बसली.

आणि अडलेलं सगळं सुटलं.

कल्पीताईनं हाक मारली होती,
संपतदादा उठला.
संपतदादा उठला,
पाणी सांडलं. छळक छळक.
पाणी सांडलं,
चाक फिरलं. गरगर गरगर.
चाक फिरलं,
चाक तापलं. वर पांढरा धूर.
चाक तापलं,
भिंगरी धावली. धूम्म.

डोळे मिटा. उघडा. संपली शर्यत.

भिंगरीचा नंबर कितवा आला? दुसरा. आणि गाड्या किती होत्या? दोनच होत्या.

संपतदादा म्हणाला, "दुसरा नंबर. वाईट नाही." कल्पीताई एवढी हसली की तिला हेल्मेटचा पट्टाच सुटेना.

भिंगरी धावली,
टेंपो वळला.

पण टेंपो कसा वळला माहीत आहे? खडाड खडाड नाही. हळू हळू. खड्डा आला की आणखी हळू. अंडी हलू नयेत ना. फुलचुखी घरट्यात बसूनच आली. एका बाजूनं चाचा गाडी हाकत. दुसऱ्या बाजूनं संपतदादा हात बाहेर काढून छत्री धरी. हात दुखला की कल्पीताई धरी.

बस पुढं गेली. पोंऽऽ. सायकल पुढं गेली. ट्रिंग ट्रिंग. बैलगाडीसुद्धा पुढं गेली. बैलगाडीवाला वळून वळून बघत होता. म्हणाला, "लाल मोटार शर्यतीची दिसती. मग एवढं सावकाश का?"

कल्पीताई म्हणाली, "आज आम्हाला सावकाशच जायचंय, काका."

गल्ली आली. कडुलिंब आला. चाचांनी टेंपो जुन्याच जागी उभा केला. जरा पुढं घेतला. जरा मागं घेतला. सावली घरट्यावर पडली, तेव्हा इंजिन बंद केलं.

टेंपो वळला,
सावली मिळाली,
अंडी गार झाली.

खिशातल्या नव्या लिंबाचं काय केलं? सरबत. मीच केलं. मलाही मिळालं पेलाभर.

मग पुढची शर्यत आली. टेंपो गेला नाही. कोणी विचारलं तर संपतदादा आरशाकडे बोट दाखवायचा. विचारणारा बघायचा आणि हळूच बोलायला लागायचा. भिंगरी झाकून ठेवलेली होती. संध्याकाळी घुर्रर नव्हतं. गल्ली कशी शांत होती. इतकी शांत, की एका सकाळी सगळ्यांना ऐकू आलं.

टुक.

टुक टुक.

घरट्यातून एक चोच बाहेर आली. केवढी? तांदळाच्या कणीएवढी.

लिंबू वाळलं, पिलू जागं झालं, गोष्ट घरट्यात निजली.