बोलणी खाणारा वारा

मोरसड्याच्या उघड्या पठारावर दगडांचा एक गोल चौथरा आहे. मधोमध खैराच्या खांबाचा कमरेएवढा खुंट आणि शेजारी जात्याची तडकलेली तळी. पाहुणे विचारतात, इथं देऊळ होतं का? म्हातारे सांगतात, नाही, वाऱ्यावर चालणारं जातं होतं.

येसबा आणि संतू हे सख्खे भाऊ. थोरला येसबा मीठ आणायला कोकणात उतरला, तिथं त्यानं शिडाची गलबतं पाहिली आणि परत येऊन हे जातं उभं केलं, असं सांगतात. चार लांब पाती, पात्यांना जाडंभरडं कापड. वारा आला की पाती फिरायची, खाली दगड फिरायचा. गावातल्या बायकांची पहाटेची दळणं सुटली.

एका वर्षी ऐन सुगीत येसबानं तापानं अंथरूण धरलं आणि नेमका तेव्हाच वारा पडला. त्यांचं खोपट जात्याला लागूनच होतं. येसबाचं एकच मागणं, "एकदा घरघर ऐकू दे रं. मग खुशाल जातो."

संतूनं काय नाही केलं? नारळ फोडला. कोंबडं सोडलं. खळ्यावर धान्य उफणणारे वाऱ्याला साद घालतात, तशी घसा बसेपर्यंत घातली. पान हललं नाही. खळ्यावरची माणसं म्हणायची, "संत्या, तुझा वारा सासुरवाडीला गेलाय. मानपान झाल्याबिगर यायचा न्हाई."

येसबाचा श्वास अडखळायला लागला, तेव्हा संतूनं पात्याला खांदा लावला. एकट्यानं. एक पातं वर गेलं की दुसरं धरायचं. जातं घरघरलं. आत येसबा हसला म्हणे.

"संत्या, वारा असा धापा टाकत न्हाई रं."

"तू ऐक! बोलू नको!" संतू ओरडला आणि ढकलत राहिला. आतला श्वास कधी थांबला, ते त्याला कळलंच नाही.

सरण पेटवून माणसं परतली आणि वारा आला. असा आला, की रिकामं जातं ठिणग्या टाकत फिरू लागलं.

"आत्ता आलास? आत्ता कशाला आलास, मेल्या? कुणाला ऐकवतोस?" संतूनं कोयत्यानं पात्यांवरच्या कापडांचे दोर तोडले. कापडं दरीत उडाली, पाती मोडली, दगड तडकला. ते जातं पुन्हा कुणी उभारलं नाही.

उफणणीआधी घरोघरचा धाकटा आजही सड्यावर जातो आणि वाऱ्याला तोंडभर शिव्या घालतो. शिव्या खाल्ल्या की वारा येतो, असं म्हणतात. कधी येतो, कधी नाही. आला तरी त्याला हात कुणी जोडत नाही.