विहिरीने परत दिलेला आवाज

भाविकहो, आडबंदरच्या खाडीत भरतीच्या वेळीही एक काळा खडप, म्हणजे कातळ, पाण्याबाहेर उरतो. महाराज त्यावर बसत. म्हणून ते खडपेमहाराज. खरं नाव कोणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

त्या गावात भागी राहत असे. तिचा नवरा धाकू होडीतून माणसं पलीकडच्या तीरावर नेई, आणी. भागीचा आवाज जन्मतःच मोठा. तिने नवऱ्याला "जेवाक येवा!" म्हटलं की पलीकडचं गावही पानावर बसतं, असं लोक म्हणत.

तिला एकच आस होती. दत्तजयंतीला देवापुढे एक पद म्हणायचं.

उत्सवाला कीर्तनकार वामनबुवा येत. तिने त्यांना विचारलं. भर देवळात बुवा म्हणाले, "देवाला आळवणार, की म्हशीला हाक मारणार?"

देऊळ हसलं. भागीही हसली. मग घरी जाऊन चुलीपुढे रडली.

आणि खडपावर गेली.

"महाराज, माझो आवाज मोठो. त्येचा मी काय करू? गिळू?"

महाराज म्हणाले, "गिळतेस कशाला? गळा देवाने दिलाय. गाणं तुला करायचंय. रोज पहाटे विहिरीत वाकून देवाचं नाव घे. हळू. लांब. आवाज फाटला तर विहीर फाटकाच परत देईल. ती कुणाची भीड ठेवत नाही."

"आणि माझ्यान नाय झाला तर?"

"तुझं सगळं संपेल ना, तिथे मी आहे. आधी संपव तर खरं!"

भागी वाकली. पहाटेमागून पहाट. पाण्याला आलेल्या बाया खिदळत, "बावीत कोण पडला काय गे?" विहीर फाटका आवाज परत देई. भागी पुन्हा घाली. पावसाळ्यात पाणी वर आलं तेव्हा सूर बदलला, तीही बदलली. पाणी खाली गेलं. मग एका पहाटे आवाज जसा घातला तसा वर आला, गोल, अखंड. ती दचकून मागेच पाहू लागली. वाटलं, दुसरंच कोणी गातंय!

पुन्हा दत्तजयंती आली. सकाळी धाकू पलीकडून वामनबुवांना घेऊन निघाला, आणि खाडीवर धुकं उतरलं. वल्ह्याचं टोक दिसेना. ओहोटी लागलेली; पाणी होडीला खाडीच्या मुखाकडे ओढत होतं, जिथे लाटा फुटतात. काठावर सगळा गाव ओरडू लागला. पण त्या कल्लोळात हाक कुठल्या बाजूची, हेच धाकूला कळेना. बुवा होडीत घट्ट डोळे मिटून बसले होते.

"गप ऱ्हवा सगळे!" भागी म्हणाली.

आणि तिने सूर लावला. एकच. न तुटणारा. जणू धुक्यातून दोरी सोडावी तसा.

"ह्यो माझ्या घरकारणीचो आवाज!" धाकूने होडी वळवली.

ती गात राहिली, गात राहिली, आणि गळा बसला. श्वासही उरला नाही. ती वाळूत कोसळली. काठ चिडीचूप. आता संपलंच, असं सगळ्यांना वाटलं.

होडी सरळ तिच्यापुढे येऊन लागली.

बुवा खाली उतरले. "बाई, शेवटचं ते काय गायलीस! अंगावर काटा आला."

"ती तर मघाशीच थांबली," लोक म्हणाले.

धुकं विरत होतं. सगळे खडपाकडे वळले. धाकूने हाक मारली, "महाराज!" महाराज ओ द्यायला गेले, तर शब्द फुटेना. त्यांचा घसा पार बसला होता. ते नुसते हसले. काय ही माया!

भागीचा गळा दुपारीच मोकळा झाला. संध्याकाळी ती देवापुढे गायली, आणि मागे झांज धरून वामनबुवा उभे राहिले. पद संपलं तेव्हा पलीकडच्या गावची मंडळी पुढच्या उत्सवाचं आमंत्रण घेऊन तिच्यापाशी आली.

महाराजही देवळात आले होते. बुवा त्यांच्या पायांवर वाकले. महाराजांनी त्यांना धरून भागीकडे वळवलं.

"नको बुवा, माझ्या पाया पडू नकात," ती मागे सरकली.

वामनबुवांनी पगडी काढली. "पडू दे, बाई. धुक्यात हरवलेली म्हैस मीच होतो."

आणि भर देवळात त्यांनी डोकं टेकलं. या वेळी कोणी हसलं नाही.