समरेख राजाची पंगत

एका राज्यात समरेख नावाचा राजा होता. राजा मनाचा मोठा, प्रजेवर जीव टाकणारा. पण खोड एकच, त्याला सगळं नीटनेटकं लागे. आणि नीटनेटकं म्हणजे रांगेतलं, असं त्यानं मनाशी पक्कं धरलेलं. हातात सदा चांदीची मोजकाठी. बागेतली झाडं उंचीनं, गोठ्यातली गुरं रंगानं. काळ्या गाईचं पांढरं वासरू दुसऱ्या टोकाला हंबरत बसे. राजा म्हणे, दिसायला कसं सुरेख दिसतं.

त्याच राजाच्या वाढप्यांची मुख्य होती गोजराबाई. पंगत कशी बसवावी ते तिनंच जाणावं. दात पडलेल्यांना चुलीजवळ बसवी, म्हणजे भात ऊन मिळे. भांडलेल्या जावांच्या मधे सासूला बसवी, म्हणजे दोघी गप जेवत. तिचा नवरा म्हाळोजी राजाचा नगारची. नगारा बडवून बडवून त्याचा डावा कान गेलेला. त्याला ती डाव्या टोकाला बसवी, म्हणजे सगळी पंगत त्याच्या चांगल्या कानाकडे येई. वीस वर्षांत त्याला पंगतीत कोणाला एक गोष्ट दोनदा सांगावी लागली नव्हती.

राजाच्या वाढदिवशी मोठं जेवण मांडलं. राजानं फर्मान काढलं की आज पंगत उंचीनं बसेल आणि पानात वाढायचं ते रंगानं. गोजराबाईनं दोनदा सांगून पाहिलं, पण राजहट्टापुढे कोणाचं चाललंय? झालं. म्हाळोजी उंच, तो पार उजव्या टोकाला गेला आणि तिथून बायको कुठे दिसते ते शोधत बसला. पानात मीठ, भात, दही, खीर असं सगळं पांढरं एकीकडे.

त्या पंगतीला भामिका नावाची चेटकीण आपल्या आंधळ्या आईला घेऊन आली होती. भामिका ताडमाड, आई चिमुकली. दोघींची ताटातूट झाली. म्हातारीनं नेहमीच्या जागी हात घातला, खीर म्हणून मूठभर मीठ तोंडात टाकलं आणि उपाशीच उठली.

भामिकेनं ते पाहिलं. ती म्हणाली, "रांगच हवी ना तुला, राजा? घे रांग."

बोलण्याचा अवकाश, चारशे माणसांच्या चारशे मातीच्या बाहुल्या झाल्या, सगळ्या वीतभर, एका उंचीच्या. ज्याचा त्याचा चेहरा तेवढा राहिला. बसलेले सगळे गेले. उरले ते उभे असलेले: वाढपी, आणि स्वतः राजा, कारण यजमानानं आग्रह करत फिरावं आणि शेवटी जेवावं ही त्या राज्याची रीत. भामिकेनं बाहुल्या पाटीत भरल्या, आईचा हात धरला आणि ती रानात निघून गेली.

गोजराबाईनं पदर खोचला. राजाही मागोमाग निघाला. रिकाम्या राज्यात बसून तो रांग तरी कशाची लावणार? राजवाड्यातली साळुंकी वाट दाखवायला पुढे उडाली. वाटेतही राजा धोंडे सरळ करत होता. साळुंकी म्हणाली, "महाराज, तुमच्यासाठी सूर्य खोळंबणार नाही."

भामिकेच्या झोपडीत सगळा पसारा. भोपळ्याशेजारी सूप, सुपात जोडे, दोरीवर पळी आणि वाडगी. भामिका म्हणाली, "तीन कामं. तिन्ही नीटनेटकी झाली तर माणसं परत. एक चुकलं तर माती ती मातीच. पहिलं काम, माझं घर आवर."

राजानं लगेच पाण्याचा गडू उचलून हंड्याच्या रांगेत ठेवला. इतक्यात म्हातारी आली. सुपात पाय सरकवून जोडे घातले, न चाचपता दोरीवरची पळी काढली, आणि गडवासाठी हात पुढे केला. हात रिकाम्या हवेत थांबला. गोजराबाईनं झटकन गडू म्हातारीच्या हाताखाली सरकवला आणि ती हात बांधून उभी राहिली.

"बाकीचं?" भामिकेनं विचारलं.

"बाकीचं आवरलेलंच आहे," गोजराबाई म्हणाली.

भामिका पहिल्यांदा हसली. दुसरं काम तिनं सांगितलं, नागाच्या गुहेतला, मातीत जीव आणणाऱ्या जिवंत पाण्याचा कमंडलू आणायचा. ती गुहा म्हणजे शापित खजिना. तिथं सोन्याची भांडी ओळीनं मांडलेली, आणि एखादं उचललं की रिकामी जागा उचलणाऱ्यालाच सोन्याचं करून गिळे; जिवाभावाचं काही ठेवलं तरच ती भरे, असं भामिकेनं बजावलं होतं. कमंडलूच्या डावी-उजवीकडे दोन चोर सोन्याचे होऊन उभे होते, तेही ओळीत. राजाला ती मांडणी पाहून क्षणभर फार बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

गोजराबाई म्हणाली, "महाराज, जागा भरायला तुमच्या जिवाभावाचं काही द्यावं लागेल."

राजानं मुकुट काढला. साळुंकीनं मान हलवली. मग राजानं मोजकाठीकडे पाहिलं, आणि गोजराबाईनं कमंडलू उचलताच काठी त्या जागी उभी केली. नाग डुलत राहिला. तिथून परतताना राजाला हाताचं काय करावं ते कळेना, म्हणून गोजराबाईनं त्याच्या हाती कमंडलू दिला.

तिसरं काम अंगणात होतं. अंगणभर पानं मांडलेली, चुलीवर स्वयंपाक तयार, समोर बाहुल्यांची पाटी. भामिका म्हणाली, "अंगणातलं ऊन जायच्या आत पंगत बसव."

राजाला काही सुचेना. सगळ्या एका उंचीच्या, आणि काठी गेलेली. पण गोजराबाई पाटीशी बसली आणि तिचे हात चालू लागले. दात नसलेले चुलीजवळ. जावांच्या मधे सासू. लेकुरवाळ्या दाराशी, मूल रडलं तर उठता यावं म्हणून. पाहुण्या जावयाला मेहुण्यांपासून लांब. मग म्हाळोजीची बाहुली हाती आली. मातीच्या चिमटीत मातीचा घास होता, तोंडापर्यंत न पोचलेला. तिनं ती अलगद डाव्या टोकाला ठेवली.

मग राजानं पाणी शिंपडलं. काहीच झालं नाही. ऊन कुंपणावर चढलं. गोजराबाईनं पुन्हा सगळी पंगत डोळ्यांखालून घातली. कोणी चुकलं नव्हतं. तिला रडू आलं, आणि ती रडली.

राजा मात्र पानं मोजत होता, सवयच ती. दोन पानं रिकामी होती. राजाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो उठला, त्यानं म्हातारीचा हात धरून तिला पानावर बसवलं आणि शेजारी भामिकेला.

"गोजराबाई, कुठं काय वाढू?" त्यानं विचारलं. वाढदिवशी हे विचारलं असतं तर कथाच घडली नसती.

ती सांगत गेली आणि राजा वाढत गेला. वरती मधोमध मीठ. डाव्या अंगाला लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी, खिरीची वाटी. मधे भाताची मूद. आजे-पणजे जिथं वाढत आले तिथंच सगळं.

म्हातारीनं हात पुढे केला. तो न चाचपता मिठावर गेला, तिथून लिंबावर, तिथून भातावर. तिनं घास घेतला, शांतपणे चावला.

"राजा," ती म्हणाली, "आज नीटनेटकं वाढलंस."

त्यासरशी राजानं बाजूला ठेवलेला कमंडलू आपोआप कलंडला आणि पाणी पंगतभर धावलं. चारशे माणसं एकदम जेवू लागली, जणू मधे काही घडलंच नव्हतं. जावा गप होत्या. कोणी भात मागितला, कोणी तूप. गोठ्यातली वासरं आपापल्या आयांपाशी गेली, असं साळुंकीनं येऊन सांगितलं. भामिकेनं खीर दोनदा मागून घेतली.

राजानं त्या दिवशी गोजराबाईला वाढू दिलं नाही. तिच्यासाठी पान मांडलं, म्हाळोजीच्या उजव्या हाताला. म्हाळोजीनं हातातला घास तोंडाशी नेता नेता तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठं होतीस? केव्हाचा शोधतोय."

"इथंच," ती म्हणाली. त्याला ते एकदाच सांगावं लागलं. आणि त्याच्या हातातला घास अजून ऊन होता.