काठाचा तुकडा

“आणि चरस वाळला की नाही, हे ठरवायचं कोणी?” मोरेश्वरांनी विचारलं.

“चिलमीनं,” भानुनाथ म्हणाले. “आण इकडे.”

बालाघाटच्या डोंगरात नाथांचा एक लहानसा मठ होता. धुनीपाशी दोघेच बसले होते. भानुनाथांच्या कानांत, दीक्षेच्या वेळी पाळी फाडून घातलेली, शिंगाची कुंडलं होती. मोरेश्वर टिकेकरांचे कान अजून कोरे होते, आणि तीच त्यांची तक्रार होती.

तीस वर्षं ते औषधांच्या कारखान्यात होते. ओली भुकटी यंत्रात घालायची, कोरडी काढायची, हेच त्यांचं काम. अकरा महिन्यांपूर्वी त्यांची बायको कुमुद गेली. तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. मोरेश्वरांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. ‘काय धीराचा माणूस,’ असं लोक म्हणाले. ते त्यांनी ऐकलं आणि मनात जपून ठेवलं.

मठात आल्या दिवशीच त्यांनी सांगून टाकलं होतं, “माझं आता कोणात काही अडकलेलं नाही. कान फाडा, दीक्षा द्या.”

भानुनाथांनी परसातल्या गांजाच्या झाडांकडे बोट केलं होतं. “चिलीमभर चरस काढ. नीट वाळवून आण. मग बघू.”

“हातावर मळून?” मोरेश्वर तेव्हा म्हणाले होते. “तुमच्या चरसात निम्मा तुमच्या तळव्यांचा मळ असतो, बाबा.”

“म्हणून तर गोड लागतो,” बाबा हसले होते.

मोरेश्वरांनी तालुक्याहून बर्फाची लादी आणली, गोणपाटात गुंडाळून. घमेल्यात बर्फ फोडला, त्या गार पाण्यात फुलोरा ढवळला आणि पाणी फडक्यांच्या घड्यांमधून गाळलं. वर राहिला तो वाळूच्या रंगाचा ओला गाळ. स्वच्छ. मळाचा कण नाही.

पण वाळवायचा कसा? इथे यंत्र नव्हतं. पहिला घाणा उन्हात ठेवला, तो वितळून डांबर झाला. दुसरा धुनीशेजारी ठेवला, त्याचा वासच उडाला. तिसऱ्याची त्यांनी दाबून दाबून वडी केली. आठ दिवसांत ती खडखडीत झाली.

तीच वडी आता भानुनाथांच्या तळहातावर होती.

“सुबक आहे रे.”

“आहेच,” मोरेश्वर म्हणाले.

भानुनाथांनी अंगठ्याने वडी मोडली. आत ओल होती. ओलीत पांढरी, कापसासारखी बुरशी. कुबट वास दोघांच्याही नाकात गेला.

मोरेश्वरांचे कोरे कान लाल झाले. “माझ्या कारखान्यात हेच चार तासांत—”

“कारखाना इथे नाही. तू आहेस.”

“मग तुम्ही सांगा, काय चुकलं?”

“ओलं असताना दाबलंस. चांगलं दिसावं म्हणून.”

मोरेश्वर हट्टाने म्हणाले, “सकाळी चौथा घाणा काढलाय. ताटात आहे. या वेळी आणखी जोर लावून दाबतो. पाणी राहणारच नाही.”

भानुनाथांनी स्वतःच्या डबीतला चरस काढला आणि चिलीम भरायला घेतली.

“साफी फाटली माझी,” ते म्हणाले. चिलमीच्या तोंडाला गुंडाळायचं ओलं फडकं म्हणजे साफी. “तुझं गाळायचं फडकं दे.”

मोरेश्वरांनी दिलं.

“मऊ आहे. कशाचं?”

“जुन्या लुगड्याचं.”

“कोणाच्या?”

“... घरात होतं. धुवून धुवून विरलं होतं, म्हणून कापलं. कापड तर कापड.”

“हात नाही थरथरला?”

“नाही,” मोरेश्वर ताठ बसून म्हणाले.

“शाबास. पण हे चिकट झालंय. तुझ्या पिशवीत आणखी एक तुकडा पाहिला होता ना मी? हिरव्या काठाचा? तो दे.”

मोरेश्वरांनी शेजारच्या पिशवीवर हात ठेवला.

“दे ना.”

“तो नाही.”

“कापड तर कापड, तूच म्हणालास.”

“म्हणालो. खोटं बोललो.”

“गुरू मागतोय, टिकेकर.”

“गुरू मागो, नाहीतर देव येऊन मागो. मिळणार नाही.”

भानुनाथांनी चिलीम खाली ठेवली. “मग कान फाडायचे नाहीत. दीक्षा नाही. उद्याही नाही, परवाही नाही.”

“नका फाडू!”

आवाज एवढा मोठा होता की परसातले होले उडाले. मोरेश्वरांनी पिशवी ओढून छातीशी धरली होती. “नका देऊ तुमची दीक्षा! तेरा दिवस सगळे माझ्या डोळ्यांकडे टक लावून बसले होते, आता रडेल, मग रडेल म्हणून. त्यांना नाही दाखवलं. तुम्हालाही... तुम्हालाही मी...”

पिशवीतून हिरवा काठ बाहेर आला होता. मोरेश्वरांनी तो तोंडाशी दाबला. त्यांचे खांदे गदगदू लागले. काठ भिजत गेला.

...

भानुनाथांनी आपल्याच भगव्या छाटीचा कोपरा टरकन फाडला, कमंडलूत बुडवला, पिळला आणि चिलमीला गुंडाळला. चिलीम मात्र पेटवली नाही.

त्यांनी सकाळचं ताट जवळ ओढलं. ओला गोळा बोटांच्या टोकांनी हलके हलके कुसकरला. एक जुना कागद पसरला आणि त्यावर तो चिमूट चिमूट सुटा केला, कणाला कण लागणार नाही असा. कागद त्यांनी धुनीपासून लांब, भिंतीच्या गार सावलीत सरकवला.

मोरेश्वरांकडे न बघता ते म्हणाले,

“दाबू नकोस. आता वाळेल.”