अंगरख्याचा काठ

उंच डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे एक विणकरीण आणि तिचा धाकटा भाऊ राहत. भाऊ गावाची मेंढरं राखायचा. थंडीत खाली चारा उरत नसे, म्हणून त्याला मेंढरं घेऊन घाटमाथ्यावर मुक्कामाला जावं लागे.

त्या वर्षी थंडी लवकर पडली. बहिणीने भावासाठी लोकरीचा अंगरखा करायला घेतला. जुन्या काळचे पहारेकरी घालत तसा, गुडघ्यापर्यंत लांब आणि बाजूला बांधायचे बंद असलेला. तिने लोकर पिंजली, सूत कातलं, कापड विणलं. मग ते पाण्यात भिजवून पायांनी तुडवलं, कारण न तुडवलेली लोकर पहिल्याच पावसात आटते. बेतून शिवलं. राहिला फक्त काठ.

काठ लावल्याशिवाय नवा अंगरखा घालायचा नाही, अशी त्या गावाची रीत होती. बोटभर रुंदीची ही पट्टी लहान मागावर रंगीत लोकरीने विणत. गावातल्या बायका कापडाआधी काठ बघत आणि त्यावरूनच विणणारीला नावाजत, नाहीतर हसत.

बहिणीने काठ विणला. एक फूल वाकडं आलं म्हणून उसवला. पुन्हा विणला, तर लाल रंग फिका वाटला. तोही उसवला.

अशात निघायचा दिवस आला. भाऊ म्हणाला, "आक्का, तसाच दे. थंडी काय काठ बघून परत जाणार आहे?"

ती हसली नाही. "बिनकाठाचा घालून गावातून जाशील? बायका मला काय म्हणतील? थोडी कळ काढ. मी वर आणून देते."

भावाने विरलेली घोंगडी खांद्यावर टाकली आणि तो गेला. अंगरखा खुंटीवरच राहिला.

काठ तिच्या मनासारखा झाला, तोवर माथ्यावर दव गोठू लागलं होतं. ती अंगरखा घेऊन निघाली, तर वाटेतच भाऊ खाली येताना दिसला. मेंढरं सगळी धड होती. त्याची बोटं मात्र काळीनिळी पडली होती. वैद्याने शेक दिला, लेप लावले. जीव वाचला, पण बोटांत बळ परत आलं नाही.

आता रोज सकाळी तो अंगरखा अंगात घालून तिच्यासमोर उभा राहतो. बंद त्याला बांधता येत नाहीत, ते ती बांधते. गाठ मारताना तिची नजर काठावर जाते. सगळी फुलं अगदी सरळ आली आहेत.

एकदा तो म्हणाला, "काठ छान झालाय गं, आक्का."

ती मान खाली घालून पुढचा बंद शोधत राहिली.

तात्पर्य: ज्याला ऊब हवी आहे, त्याला ती वेळेवर द्यावी. शोभा मागाहूनही करता येते.