सात किलोचं यंत्र

“मग ही सात किलोची पाटी काय शोभेला लावलीय?” असं विचारत शर्वाणीने अडून बसलेल्या वॉशिंग मशीनच्या झाकणावर थाप मारली.

मशीनने एक गचका दिला. तीच दचकून मागे सरली.

मठाच्या मागच्या पडवीत माई गहू निवडत बसल्या होत्या. मठ त्यांचा, मशीन कुणा भक्ताने दिलेलं. आत शर्वाणीच्या आईची गोधडी होती.

“दमलं वाटतं गं तुझं यंत्र,” माई म्हणाल्या.

“गोधडी पाचच किलो भरली, माई. कोठीतल्या काट्यावर तोलूनच टाकली मी.”

“कोरडी?”

“कोरडीच तोलतात. कंपनीचं मापही कोरड्या कपड्यांचंच असतं. गोधडी पाणी पिते, मग ते फिरवत नाही.”

“म्हणजे पाटी खोटी नाही.”

“खोटी नाही...” शर्वाणी अडखळली. “पण खरीही नाही.”

माईंनी एक खडा उचलून बाजूला टाकला.

“आजच का धुवायला काढलीस?”

“उद्या दीक्षा ना. आईचं काही जवळ ठेवायचं नाही, असं ठरवलंय. धुऊन कुणा गरजूला देऊन टाकीन. इतके दिवस उशाशी घेऊन निजत होते.”

“आणि दीक्षा पेलेल?”

“पेलेल. आई गेली तेव्हा सगळे म्हणाले, पोरगी किती खंबीर आहे! आल्यागेल्यांचा चहा, बाबांच्या गोळ्या, सगळं मीच केलं. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.”

“का गं?”

“वेळच कुठे होता, माई...”

माई उठल्या. झाकण उघडून दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. गोधडी वर येईना.

“धर की, बघतेस काय!”

दोघींनी मिळून ती ओढून काढली. माईंनी अख्खी गोधडी शर्वाणीच्या हातांवर टाकली आणि आपले हात काढून घेतले.

शर्वाणी वाकली. पाणी तिच्या पोटावरून, पायांवरून वाहू लागलं.

“माई, धरा ना... जड आहे.”

माई नुसत्या उभ्या राहिल्या.

तिच्या तोंडासमोर पोपटी नऊवारीचा तुकडा आला. आईने स्वतः शिवलेला, वाकडा टाका. शर्वाणीने त्यात नाक खुपसलं. एकदा. मग पुन्हा, घाईघाईने, दुसऱ्या तुकड्यात. मग तिसऱ्यात.

“माई...”

“हं.”

“वास गेला, माई. तिच्या तेलाचा वास होता... साबणाचाच येतोय सगळा.”

ती गोधडीसकट ओल्या फरशीवर बसली. मग आवाज फुटला. तो मठात कुणी कधी ऐकला नव्हता. आतल्या खोलीतलं भजन थांबलं.

माई शेजारी बसल्या.

बऱ्याच वेळाने शर्वाणीने पदराने नाक पुसलं. लाजली. गोधडीचं टोक मुठीत धरून भराभर पिळायला लागली.

“उद्यापर्यंत वाळवते, माई. दीक्षेच्या आधी होईल सगळं. आत्ता पिळते...”

माईंनी तिच्या मुठीवर हात ठेवला.

“पिळू नकोस. निथळू दे.”