शैलाचा हात

"…म्हणजे तुम्हाला कधीच असं झालं नाही, मास्तर? सुचणंच थांबलं, असं?"

 गुरव मास्तर डाव्या हातानं कॅनव्हासला पांढरं अस्तर देत होते. रुंद ब्रश वरून खाली यायचा, पुन्हा वर जायचा.

मुकुंद तारळेकर समोर स्टुलावर बसला होता. त्यानं प्रश्न पुन्हा विचारला नाही.

कऱ्हाडच्या पुढं, कृष्णाकाठच्या त्या गावात तो अकरा वर्षांनी आला होता. विशीत असताना याच पत्र्याच्या शेडमध्ये तो मास्तरांकडे पाच वर्षं शिकला. पहिलं वर्षभर मास्तरांनी त्याला रंगाला हात लावू दिला नव्हता. नुसता कोळसा, नुसत्या रेघा. पुढं तो मुंबईला गेला, नाव मिळालं. आता लोक त्याला ओळखायचे ते मात्र एकाच चित्रामुळे.

मास्तरांची सून, सुशीलावहिनी, दारातच त्याला बाजूला घेऊन बोलल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी मामंजींना झटका येऊन गेला, तेव्हापासून उजवा हात थरथरतो. त्या दिवसापासून त्यांनी एक रेघ ओढलेली नाही. कोळशाचा डबा कपाटात आहे, तो तिथंच राहू द्या. विषयही काढू नका, नाहीतर दिवसभर जेवत नाहीत.

म्हणून मुकुंद नुसतं स्वतःचंच सांगत राहिला.

बायको, शैला, जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्यानंतर त्याच्या हातून काही उतरलं नव्हतं. रोज सकाळी तो स्टुडिओत जायचा, खिडकी उघडायचा, पॅलेटवर रंग काढायचा. दुपारपर्यंत रंग वाळून जायचे. कोणी म्हणालं फिरून या, म्हणून तो कोकणात महिनाभर राहिला. जुनी देवळं पाहिली, दुसऱ्यांची प्रदर्शनं पाहिली, जुन्या वह्या चाळल्या. काही हललं नाही. सभेत लोक विचारायचे, प्रेरणा कुठून येते? त्याच्याकडे उत्तर तयार असायचं.

"उत्तर अजून येतं, मास्तर," तो म्हणाला. "चित्र येत नाही."

मास्तरांनी ब्रश पाण्याच्या डब्यात उभा केला.

"ते गाजलेलं चित्र आणलंयस?"

त्यानं आणलं होतं. कापड सोडून त्यानं ते भिंतीला टेकवून ठेवलं.

कोळशानं काढलेलं चित्र. खाटेवर एक बाई निजलेली, चेहरा अर्धा पलीकडे. चादरीतून एक हात वर आलेला, बोटं उघडी. बाकी काही नाही. हाताभोवती कोरा पांढरा कागद. मनगटापासून बोटांपर्यंत रेघ बारीक थरथरत गेलेली.

चित्राचं नाव त्यानं 'निरोप' ठेवलं होतं. प्रदर्शनात माणसं त्याच्यासमोर गप्प उभी राहायची. कितीतरी जण डोळे पुसत बाहेर पडायचे. त्या थरथरत्या रेघेवर जाणकारांनी पानंच्या पानं लिहिली होती.

मास्तर जमिनीवर मांडी घालून बसले. बराच वेळ पाहत राहिले.

"अंगठा चांगला आलाय," ते म्हणाले.

मुकुंदला बरं वाटलं. पाच वर्षांत त्यांच्या तोंडून 'चांगला' हा शब्द त्यानं दोनदा ऐकला होता.

"हात कशाला वर केला होता तिनं?"

मुकुंद सांगू लागला. मरणाच्या उंबऱ्यावरचं माणूस शब्दांनी नाही, शरीरानं निरोप घेतं. तो हात जगाला सोडत होता. आपण फक्त साक्षीला होतो. कलावंत दुसरं काय करतो…

"हे मी पेपरात वाचलं," मास्तर म्हणाले. "हात कशाला वर केला होता?"

…

पत्र्यावर चिमण्या उतरल्या, उडून गेल्या.

मुकुंदनं चित्राकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

"पाणी हवं होतं तिला."

 मग मुकुंद बोलत गेला, अडखळत, मागचं पुढं करत.

शैलाचं दुखणं आठ महिने चाललं. त्यानं सगळी कामं सोडली होती. तिला पेज भरवणं, अंग पुसणं, कूस बदलून देणं, सगळं तो स्वतः करायचा. बाई ठेवू दिली नाही. पण त्या आठ महिन्यांत त्यानं कागदाला हात लावला नाही. शैला रोज संध्याकाळी विचारायची, आज काही काढलंत का? तो नाही म्हणायचा. मग ती तोंड खिडकीकडे करून पडून राहायची. एकदा ती बहिणीला सांगत होती ते त्यानं दाराआडून ऐकलं. आपण जाणार याचं काही नाही, आपल्यापायी यांचा हात थांबला, ते सोसत नाही.

मग ती दुपार. खाटेजवळच्या स्टुलावर पाण्याचं फुलपात्र होतं. तिच्या गळ्यातून आवाज फुटत नव्हता. तिनं फुलपात्राकडे हात केला. खिडकीतून उजेड आला होता, तो नेमका हातावर पडला.

"आणि मला दिसलं, मास्तर. आठ महिन्यांनी पहिल्यांदा दिसलं."

त्यानं कोळसा घेतला. तिला म्हणाला, तसाच ठेव जरा.

तिनं ठेवला.

"किती वेळ?"

"वीस मिनिटं… जास्तही असेल."

मनगट थरथरायला लागलं ते त्यानं पाहिलं होतं. पाहिलं आणि रेघेत घेतलं. स्टूल आणि फुलपात्र चित्रात बसत नव्हतं, ते त्यानं सोडून दिलं. संपल्यावर उठून पाणी पाजलं. ती दोन घोट प्यायली. झालं का, एवढंच तिनं विचारलं, आणि त्याच्याकडे पाहत पाहत झोपी गेली. पाचव्या दिवशी गेली.

हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. मुलीलाही नाही. लोक त्या रेघेचं कौतुक करायचे आणि तो मान झुकवायचा. आता कोळसा हातात घेतला की मनगट दिसतं, आणि तो कोळसा ठेवून देतो.

तो थांबला. मग एकदम म्हणाला,

"तिनं नुसती मान हलवली असती तरी मी उठलो असतो. हात खाली टाकला असता तरी कळलं असतं मला. तिनं टाकला नाही, मास्तर… का नाही टाकला?"

एवढ्या लांब आपण हे विचारायला आलो, सुचण्याबद्दल नाही, हे त्याचं त्यालाच आत्ता कळलं.

मास्तर भिंतीचा आधार घेऊन उठले. कपाटाकडे गेले. वरच्या कप्प्यातून त्यांनी कोळशाचा डबा काढला.

मुकुंद उठून उभा राहिला. वहिनींचं बोलणं त्याला आठवलं. राहू द्या मास्तर, असं तो म्हणणार होता.

"बस," मास्तर म्हणाले. "हात वर कर."

तो बसला. हात वर केला.

मास्तरांनी फळीला कागद लावला आणि खिडकीशी बसले. कोळशाची कांडी उजव्या हातात घेतली. ते मनगट डाव्या हातानं घट्ट धरलं.

पहिल्याच रेघेला कांडी मोडली. खाली पडलेला तुकडा त्यांनी उचलला. पुन्हा टेकवला.

कागदावर कोळसा घासल्याचा आवाज येऊ लागला. थांबायचा, पुन्हा यायचा.

सुशीलावहिनी चहा घेऊन दारात आल्या. सासऱ्यांच्या हाताकडे पाहत उभ्या राहिल्या. मग कपबशा तशाच घेऊन, पाय न वाजवता मागे फिरल्या.

मुकुंदचा खांदा भरून आला. मग कोपर ठणकू लागलं, बोटांना मुंग्या आल्या. आता सांगावं, असं त्याच्या ओठांवर आलं. त्यानं मास्तरांकडे पाहिलं.

म्हातारा माणूस त्याच्या हाताकडे पाहत होता. ओठ किंचित उघडे, कपाळावर घाम. हातावरून नजर कागदावर जायची, कागदावरून हातावर. दोन वर्षं कोळशाला न शिवलेल्या माणसाचा तो चेहरा… मुकुंद पहिल्यांदा या शेडमध्ये आला तेव्हा मास्तर असेच दिसत होते. तहान-भूक, दुखणं, वय, काही त्यांच्या गावी नव्हतं.

मुकुंदनं दात आवळले. हात जरा उतरला होता, तो पुन्हा होता तिथं नेला.

वेळ गेला. किती, त्याला कळलं नाही. मनगट थरथरत होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलं नाही. आपण हललो तर त्यांची नजर मोडेल, असं त्याला वाटत होतं.

शेवटी आवाज थांबला.

मास्तरांनी कोळसा खाली ठेवला. त्यांना धाप लागली होती. कागदावर वेड्यावाकड्या रेघा होत्या. पाच बोटं मोजता येत होती, पण अंगठा भलतीकडेच गेला होता. मास्तरांनी कागदावरची पूड फुंकरीनं उडवली आणि फळी बाजूला टेकवली.

मुकुंदचा हात अजून वरच होता.

मास्तर उठून त्याच्याजवळ आले. त्याचं कोपर तळव्यात धरलं, हात सावकाश खाली आणला आणि मांडीवर ठेवला. मग आपल्या काळ्या झालेल्या बोटांनी त्याचा खांदा चोळत राहिले. मुकुंद मोठ्यानं रडला. दीड वर्षात पहिल्यांदा. मास्तर थांबवायला गेले नाहीत.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले,

"दुखत होता ना?"

मुकुंदनं मान डोलावली.

"मग खाली का नाही घेतलास?"